सराव परीक्षेनंतर उत्तरं जुळवायची कशी?

रविवारी दुपारी बाराच्या पुढे धुळ्याच्या देवपुरात क्लाससमोर उभं राहिलं की एकच प्रश्न कानावर येतो, "तुनं काय उनं?" म्हणजे तुझं काय आलं? पाठीवर बॅगा, हातात चुरगळलेली प्रश्नपत्रिका, डोक्यावर ऊन आणि पाच-सहा जणांचं कोंडाळं. वर्गात हुशार म्हणून ओळखला जाणारा एखादा मुलगा "ड" म्हणतो आणि बाकीच्यांचे चेहरे खुलतात किंवा पडतात. दहा मिनिटांत दहा-बारा प्रश्न उरकतात. मग कुणाला साक्रीची बस गाठायची असते, कुणाचा गावाहून एसटीने आलेला डबा स्टँडवरून आणायचा असतो. मंडळी पांगतात. जाताना प्रत्येकाच्या डोक्यात एक अंदाजे आकडा असतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. या कोंडाळ्याला माझा विरोध नाही. तीन तासांच्या सराव परीक्षेतून जे शिकायला मिळतं, त्यातला मोठा वाटा त्यानंतरच्या बोलण्यातून मिळतो, असं माझं ठाम मत आहे. पण नुसती अक्षरं जुळवून काही हाती लागत नाही. उत्तरापर्यंत कोण कसं पोहोचलं हे जुळवावं लागतं आणि त्याला कागद लागतो, वेळ लागतो, क्रम लागतो. सीईटी, नीट आणि जेईई या तिन्ही प्रवेश परीक्षांच्या तयारीला चालेल असा तो क्रम इथे सांगते.

पेपर सोडवतानाच खुणा करा

जुळवण्याची तयारी पेपरातच सुरू होते. प्रत्येक प्रश्नाच्या नंबरापाशी तीनपैकी एक खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकून एक निवडला असेल तर टिंब आणि निव्वळ तुक्का असेल तर फुली. संगणकावरची टेस्ट असेल तर कच्च्या कागदाच्या कडेला नंबर लिहून त्यापुढे खूण करा. एका प्रश्नाला एक सेकंदसुद्धा लागत नाही. ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, मात्र गोल सोडून कुठेही पेन टेकवायचा नाही, ही सवय सराव परीक्षेपासूनच हवी.

निवडलेला पर्यायही प्रश्नपत्रिकेत लिहून ठेवा. घरी गेल्यावर "मी बहुतेक ब केलं होतं" हे वाक्य काहीच कामाचं नसतं. दोन पर्यायांमध्ये अडकलेल्या मुलाला नंतर हमखास बरोबर पर्यायच आपण निवडला होता असं आठवतं. तो खोटं बोलत नसतो, आठवण तशीच काम करते.

बाहेर आल्यावर पहिला तास गप्प

हे सगळ्यात अवघड जातं. तरी सांगते, पेपर सुटल्यावर जेवा, पाणी प्या, शक्य असेल तर अर्धा तास आडवे व्हा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. तीन तास डोकं चालवून अशा उन्हात उभ्या उभ्या केलेली चर्चा ही चर्चा नसते, धसका असतो.

माझी बारावीची गोष्ट सांगते. एका सराव परीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर होते, मध्ये जेवणाची सुट्टी. आम्ही चौघी रूमवर राहायचो. डबा खाताना उत्तरं जुळवली आणि माझी पाच जुळली नाहीत. तिघींचं एक, माझं एक. दुसऱ्या पेपराला मी ते पाच प्रश्न डोक्यात घेऊनच बसले. येत असलेली गणितंही दोन-दोनदा तपासत राहिले आणि शेवटचे बारा प्रश्न वाचायचे राहून गेले. तीन दिवसांनी उत्तरसूची लागली. त्या पाचपैकी तीन माझी बरोबर होती. ते बारा प्रश्न मात्र गेले ते गेलेच.

आधी एकट्याने

संध्याकाळी पेपर पुन्हा समोर घ्या. टिंब आणि फुलीचे प्रश्न घड्याळ न लावता, पुस्तक न उघडता परत सोडवा. आधीचं उत्तर खोडायचं नाही. नवीन उत्तर वेगळ्या रंगाच्या पेनाने शेजारी लिहायचं.

परीक्षेत सुटलं नाही आणि संध्याकाळी निवांत सुटलं, तर तुम्हाला विषय येतो, फक्त वेग किंवा धीर कमी पडला. संध्याकाळीही सुटलं नाही, तर प्रकरण कच्चं आहे. या दोन्हींवर उपाय पूर्ण वेगळे आहेत. कोंडाळ्यात आधीच कुणी उत्तर सांगून टाकलं की हा फरक कधीच कळत नाही, कारण उत्तर ऐकल्यावर प्रत्येकाला "अरे, हे तर येत होतं" असंच वाटतं.

मग तिघे-चौघे बसा

चारपेक्षा जास्त नको. सहा जण बसले की दोघे बोलतात आणि चौघे मान हलवतात. जमलं तर एकाच क्लासची चार मुलं घेऊ नका. एकाच सरांकडे शिकलेल्या मुलांची युक्ती एकच असते, त्यामुळे चूकही एकच निघते. एखादा मराठी माध्यमातून आलेला आणि एखादी इंग्रजी माध्यमातली असेल तर फारच चांगलं. त्याचं कारण पुढे येतं.

उत्तरसूची या बैठकीत उघडायची नाही. सूची समोर आली की "क आहे" एवढं कळतं आणि बोलणं संपतं.

आधी प्रत्येकाने आपापली अक्षरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. १८० प्रश्नांवर बोलायला कुणालाच वेळ नाही, गरजही नाही. ज्यावर मतभेद आहेत आणि ज्यावर कुणाच्याही कागदावर टिंब किंवा फुली आहे, तेवढेच घ्या. एका प्रश्नाला पाच मिनिटं. तेवढ्यात नाही सुटला तर सरांकडे न्यायच्या यादीत टाका आणि पुढे चला.

आणि एक नियम मी माझ्या मुलांना डोळे मोठे करून सांगते, तो कधी मोडू नका. ज्याचं उत्तर एकटं पडलंय, तो आधी बोलेल.

हा नियम कशासाठी, ते एका बैठकीवरून सांगते. प्रश्न साधा होता. एक दगड २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्व त्वरण १० धरा. पहिल्या ३ सेकंदांत दगडाने कापलेलं एकूण अंतर किती? पर्याय होते अ) १५ मीटर, ब) २५ मीटर, क) ४५ मीटर, ड) ६० मीटर.

तिघांचं उत्तर १५ होतं. सूत्र पाठ, आकडे घातले, ६० वजा ४५, पंधरा. तिघांच्याही कागदावर खात्रीची खूण. पिंपळनेरकडून आलेल्या एका मुलीने २५ लिहिलं होतं आणि पुढे टिंब केलं होतं. बाहेर कोंडाळ्यात हे झालं असतं तर ती "हो का, पंधरा ना" म्हणून गप्प बसली असती. इथे तिला आधी बोलायचं होतं. तिने कागदावर एक उभी रेघ काढली. दगडाचा वेग दर सेकंदाला १०ने कमी होतो, म्हणजे २ सेकंदांत तो थांबला. तोवर वर गेला २० मीटर. उरलेल्या एका सेकंदात खाली आला ५ मीटर. वीस आणि पाच पंचवीस. "जमिनीपासून तो पंधरावर आहे, पण फिरला पंचवीस."

सूत्राने मिळालेलं १५ हे विस्थापन होतं, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर. प्रश्न एकूण फिरलेलं अंतर विचारत होता. तिघांनी सूत्रात आकडे अचूक घातले होते. प्रश्नातला एक शब्द तिघांच्याही नजरेतून सुटला होता. तो शब्द पकडणारी मुलगी मराठी माध्यमाची होती. तिच्या मनात अंतर आणि विस्थापन हे दोन वेगळे शब्द पक्के होते. तिघांच्या खात्रीपुढे तिचं एक टिंब बरोबर निघालं.

म्हणून बोलताना पर्यायाचं अक्षर शेवटी सांगा. आधी प्रश्न काय विचारतोय ते आपल्या शब्दांत सांगा, मग काय दिलंय, मग कुठून सुरुवात केली. अहिराणीत सांगा, लेवा बोलीत सांगा, पावरीत सांगा. ज्या भाषेत विचार करता त्याच भाषेत सांगितलं की अडलेली जागा लगेच उघडी पडते. तोंडाने सांगताना जिथे अडखळलात तिथेच खूण करा.

दोघांचंही बरोबर वाटतं आणि तरी उत्तरं वेगळी येतात, असंही होतं. उष्मागतिकीत हे फार दिसतं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वायूने केलेलं काम धन धरतात, म्हणून आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा काम. रसायनशास्त्रात वायूवर झालेलं काम धन धरतात, म्हणून उष्णता अधिक काम. एकाने एक सूत्र घेतलं, दुसऱ्याने दुसरं आणि भांडण अर्धा तास चाललं. अशा वेळी "तू कुठल्या पुस्तकातलं घेतलंस?" हा प्रश्न आधी विचारा. सीईटीचा अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांवर आहे आणि नीटवाले एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची, पुस्तकं धरून चालतात. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी हे वेगळं ठेवलंच पाहिजे.

नीट मराठीतूनही देता येते. तुमची प्रश्नपत्रिका मराठी असेल आणि मैत्रिणीची इंग्रजी, तर वाद झालेला प्रश्न दोन्ही भाषांत मोठ्याने वाचा. भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी पाठ ग्राह्य धरतात, असा त्या परीक्षेचा नियम आहे. तेव्हा मराठीतून देणाऱ्यांनी शंका आलेल्या प्रश्नाचा इंग्रजी मजकूर वाचायची सवय सरावातच लावा. सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीतून घेता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो.

सगळ्यांचं जुळलं, तरी एकदा थांबा

मागे एका सराव परीक्षेत प्रश्न होता, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०चा उणे आठवा घात मोलर द्रावणाचा पीएच किती? चौघांनी ८ लिहिलं. एका क्लासने छापलेल्या उत्तरसूचीतही ८ होतं. चौघांचं एकमेकांशी जुळलं, सूचीशीही जुळलं, आता बोलायचं काय? दुसऱ्या गटातल्या एका मुलाने मात्र विचारलं, "आम्ल आहे, तर पीएच सातच्या वर कसा?"

आम्लाचा पीएच सातच्या खालीच असतो, त्यामुळे प्रश्न तिथेच सुटला. आम्ल इतकं विरळ असताना पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनही धरावे लागतात. ते धरले की पीएच ६.९८च्या आसपास येतो, सातच्या किंचित खाली. आठ येणं शक्यच नाही. वर्गातल्या कितीतरी मुलांनी ते ८ सूचीत पाहून टिक मारून सोडून दिलं होतं. एका मुलाने वाचवलं नसतं तर हीच चूक ते खऱ्या परीक्षेपर्यंत जपत गेले असते.

त्यामुळे जुळलेल्या उत्तरांवरूनही एक नजर फिरवा. उत्तर शक्य कोटीतलं आहे का? एकक बरोबर आहे का? चिन्ह पटतं का? संभाव्यता १च्या वर तर गेली नाही ना? दहा मिनिटांचं काम आहे.

आता उत्तरसूची उघडा आणि गुण तीन ठिकाणी मांडा

सूचीशी पडताळताना एकच बेरीज करू नका. खात्रीचे, टिंबाचे, फुलीचे असे तीन रकाने करा.

समजा सीईटीच्या सरावात भौतिकशास्त्राच्या ५० प्रश्नांपैकी तुमचे ३२ बरोबर आले आणि मित्राचेही ३२. बाहेर दोघं म्हणाल, सारखेच पडले. पण रकाने बघा. तुमचे खात्रीचे २६, त्यांतले २३ बरोबर. टिंबाचे १४, बरोबर ६. फुलीचे १०, बरोबर ३. मित्राचे खात्रीचे २०, वीसच्या वीस बरोबर. टिंबाचे २२, बरोबर ११. फुलीचे ८, बरोबर १. मित्राला जे येतं ते पक्कं येतं, पण निम्म्या पेपरात तो कुंपणावर आहे. त्याला उजळणी हवी. तुमच्याकडे खात्रीने चुकलेले ३ प्रश्न आहेत आणि माझ्या मते अख्ख्या पेपरातले ते सगळ्यात मोलाचे. तिथे तुम्ही काहीतरी चुकीचं बरोबर म्हणून शिकला आहात. आधी ते तीन दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

फुलीचे बरोबर आलेले प्रश्न अभ्यासात चुकलेलेच धरायचे. सीईटीत उणे गुण नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ आहे. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडणं सरासरीने फायद्याचंच ठरतं. पण "खात्रीने कटले" म्हणजे काय, हे तुमच्या टिंबाच्या रकान्यानेच कळेल. तिथे निम्म्याच्या बरेच खाली असाल, तर तुम्ही बरोबर पर्यायच कापताय.

चुकांची वही

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा, आणि "सिली मिस्टेक" हा शब्द वहीत अजिबात नको. त्या शब्दामागे काहीही लपतं. प्रकरण कळलंच नव्हतं, की कळलं होतं पण आठवलं नाही? प्रश्न घाईत वाचला? आकडेमोड चुकली? गोल भलत्याच ओळीत भरला? की वेळच उरला नाही? नेमकं लिहा. वर सांगितलेल्या दगडाच्या प्रश्नाची नोंद एका मुलाने अशी केली होती: "अंतर विचारलं, विस्थापन काढलं. वर जाऊन खाली येणारी वस्तू दिसली की आधी ती कधी थांबते ते बघायचं." एवढी एक ओळ पुरे. अख्खं उदाहरण उतरवून काढणारी मुलं दोन आठवड्यांत वही सोडून देतात.

आठवड्याने, पुढच्या टेस्टच्या आदल्या दिवशी, फक्त हे चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवा.

सूचीच चुकली आहे असं वाटलं तर

छापील सूचीत चुका असतात. आधी दुसऱ्या एखाद्या रीतीने सोडवून बघा. मग पाठ्यपुस्तकातलं नेमकं पान शोधा, पुस्तकाची आवृत्ती कोणत्या वर्षाची ते पाहा आणि चार ओळींत लिहून सरांकडे किंवा मॅडमकडे न्या. "सर, माझं यात कुठे चुकतंय?" असं विचारलं की शिक्षक स्वतः सोडवून बघतात.

आवृत्ती का बघायची, हे २०२४च्या नीटने सगळ्या देशाला दाखवलं. अणूंविषयीच्या दोन विधानांच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं ग्राह्य धरली गेली, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीतल्या वाक्यावरून एक उत्तर निघत होतं आणि नव्या आवृत्तीतल्या वाक्यावरून दुसरं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. समितीने एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि ४ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे ५ गुण कमी झाले, मिळालेले ४ गेले आणि उणे १ लागला. तुमच्या ताईचं किंवा दादाचं पुस्तक वापरत असाल तर आजच पहिलं पान उघडून वर्ष बघा.

खऱ्या परीक्षेनंतरही तात्पुरती सूची येते आणि तिच्यावर आक्षेप घेता येतो. नीट आणि जेईई मेनला अलीकडच्या वर्षांत एका प्रश्नाला २०० रुपये लागतात. सीईटीलाही शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. सरावात चार ओळींत कारण लिहायची सवय झाली असेल तर तेव्हा धावपळ होत नाही.

गुण कुणाला सांगायचे

चौघांच्या गटात एकाचे गुण नेहमी कमी असणार. सराव परीक्षेचे गुण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. गटात बसताना एकूण बेरीज सांगायची नाही, प्रश्नांवर बोलायचं, असं आधीच ठरवून घ्या. जो मागे आहे तोच पहिल्या महिन्यात गट सोडतो आणि त्याला गटाची गरज सर्वांत जास्त असते. तो दोन रविवार आला नाही तर त्याच्या रूमवर जा.

घरून फोन येतो, "किती पडले?" कापसाच्या नाहीतर केळीच्या पैशांतून फी भरलेली असते, त्यांना विचारायचा हक्क आहे. आकडा लपवू नका. त्यासोबत मागच्या वेळेपेक्षा खात्रीचे किती वाढले तेही सांगा. आई-वडिलांना हे कळतं. पेरणी झाली म्हणजे पीक आलं असं होत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

दुसऱ्या क्लासच्या मुलाशी गुणांची तुलना करू नका, पेपरच वेगळा असतो. खरी सीईटीसुद्धा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर निराळा आणि पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे किंवा बरोबरीने आहेत ते, त्या त्या सत्रातल्या मुलांमध्ये काढतात. सकाळच्या सत्रातल्या मैत्रिणीचे १३० आणि दुपारच्या सत्रातले तुमचे १२२, यावरून कोण पुढे ते ठरत नाही.

खऱ्या परीक्षेच्या दिवशी

पुढचा पेपर शिल्लक असेपर्यंत जुळवाजुळव बंद. सीईटीला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) दोन्ही ग्रुप देणाऱ्यांनी दुसरा ग्रुप होईपर्यंत पहिल्याचं नावही काढू नका. जेईई ॲडव्हान्स्डला एकाच दिवशी दोन पेपर असतात, मध्ये जेवणापुरती सुट्टी. तेव्हा मित्रांपासून थोडं लांब, आई-वडिलांजवळ सावलीत बसा. सोबत घरचा डबा ठेवा. कुणी येऊन "तुनं काय उनं?" विचारलं तर "संध्याकाळी बसू" म्हणून सांगा आणि डब्यातला एक घास त्याच्याही हातावर ठेवा.